दुधाच्या खोक्यावरचे चेहरे

सप्टेंबर १९८४ मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डे मॉइन शहरात अँडरसन-एरिक्सन या डेअरीने दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवर दोन मुलांचे फोटो छापले. एक १२ वर्षांचा जॉनी गॉश, दुसरा १३ वर्षांचा यूजीन मार्टिन. दोघेही ‘डे मॉइन रजिस्टर’ हे वर्तमानपत्र घरोघर टाकत. जॉनी ५ सप्टेंबर १९८२ च्या रविवारी पहाटे नाहीसा झाला, यूजीन १२ ऑगस्ट १९८४ च्या रविवारी. पुढच्या काही महिन्यांत देशभरातल्या शेकडो डेअऱ्यांनी हीच पद्धत उचलली आणि न्याहारीला बसलेल्या घरांसमोर रोज एक हरवलेले मूल येऊ लागले. दशक संपता संपता ही पद्धत बंदही पडली. जॉनी आणि यूजीन आजतागायत सापडलेले नाहीत. त्यामुळे या खोक्यांची गोष्ट सांगताना निकाल बहुधा आधीच ठरलेला असतो: हेतू चांगला, फळ नगण्य, आणि वर एका पिढीच्या मनात बसलेली भीती. हा निकाल मला मान्य नाही, कारण तो चुकीच्या गोष्टीचे माप घेतो. हरवलेल्या माणसाचा फोटो कुटुंब चारचौघांत मांडते तेव्हा कोणीतरी ओळखेल ही आशा त्यात असतेच. पण गेल्या दीडशे वर्षांचा पुरावा पाहिला, तर या धडपडीचे सर्वांत मोठे काम दुसरेच दिसते. दप्तरात मिटू पाहणारे प्रकरण तिने उघडे ठेवले, आणि जिथे दप्तरच नव्हते तिथे ते सरकारला तयार करायला लावले.

या प्रथेचे मूळ अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या अखेरीस सापडते. लढाई संपत आली होती, पण हजारो घरांना आपला मुलगा वा नवरा मेला, कैदेत आहे की कुठे इस्पितळात पडला आहे, याचा पत्ता नव्हता. लष्कराकडे त्याचे नीट उत्तर नव्हते. सैनिकांच्या गळ्यात ओळखपट्टी असण्याचा नियम तेव्हा नव्हता आणि असंख्य मृतदेह नाव न कळताच पुरले गेले होते. रणांगणावर शुश्रूषेचे काम केलेल्या क्लारा बार्टन यांनी मार्च १८६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची संमती मिळवून वॉशिंग्टनमध्ये एक कचेरी थाटली. कुटुंबांनी बेपत्ता सैनिकाचे नाव आणि त्याची तुकडी कळवायची. बार्टन त्यांच्या याद्या छापून वर्तमानपत्रांना आणि गावोगावच्या पोस्टांना पाठवणार. घरी परतलेल्या सैनिकांनी त्या वाचून आपल्याला ठाऊक असेल ते लिहायचे. १८६८ पर्यंत या कचेरीकडे ६३ हजारांहून अधिक पत्रे आली आणि २२ हजारांहून अधिक माणसांची माहिती लागली. त्यातली बहुतेक माहिती मृत्यूची होती. तरीही घरांना ती हवी होती, आणि ती केवळ मनाच्या समाधानासाठी नव्हे. मृत्यूचा पुरावा नसेल तर विधवेचे निवृत्तिवेतन अडत असे. एखादा माणूस कोणत्या खंदकात पडला हे सरकारी कागदाला ठाऊक नव्हते, पण त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याला ठाऊक होते. नाव चारचौघांत गेले म्हणून ते विखुरलेले ज्ञान एका जागी आले. जॉर्जियातील अँडरसनव्हिलच्या युद्धकैदी तळावर डॉरन्स ॲटवॉटर या कैद्याने मृतांची यादी गुपचूप उतरवून ठेवली होती. १८६५ च्या उन्हाळ्यात बार्टन त्याला घेऊन तिथे गेल्या आणि सुमारे १३ हजार थडग्यांपैकी बहुतेकांवर नावे लागली. आधी कुटुंबांचा धोशा, मग याद्या आणि शेवटी सरकारी नोंद, असा हा क्रम होता. पुढच्या प्रत्येक प्रकरणात मला तोच क्रम दिसतो.

नऊ वर्षांनी फिलाडेल्फियातल्या जर्मनटाउनमध्ये याच प्रथेची दुसरी, जास्त क्रूर बाजू दिसली. १ जुलै १८७४ रोजी चार वर्षांचा चार्ली रॉस आणि त्याचा थोरला भाऊ यांना दोन माणसांनी फटाक्यांचे आमिष दाखवून घोडागाडीत बसवले. भावाला वाटेत सोडले. चार्लीसाठी २० हजार डॉलर मागणारी पत्रे वडिलांना येऊ लागली. पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेने पत्रके छापली, वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले, गाणीसुद्धा निघाली. खंडणी द्यावी तर उद्या कुणाचेही मूल पळवतील, म्हणून शहरातल्या थोरामोठ्यांनी आणि पोलिसांनी बापाला अडवले. त्याच वर्षी डिसेंबरात ब्रुकलिनमध्ये घरफोडी करताना दोन चोरांना गोळ्या लागल्या. त्यातल्या एकाने मरता मरता अपहरणाची कबुली दिली, पण चार्लीचा ठावठिकाणा त्या दोघांबरोबरच गेला. वडील क्रिश्चन रॉस यांनी १८७६ मध्ये सगळी हकीकत पुस्तकरूपाने छापली आणि १८९७ मध्ये मरेपर्यंत शोध सोडला नाही. मीच चार्ली म्हणत शेकडो जण पुढे आले. १९३९ मध्ये तर ॲरिझोनातील न्यायालयाने एका वृद्धाला चार्ली रॉस ठरवले. कुटुंबाने ते कधीच मान्य केले नाही. जाहीर शोधाची ही किंमत नाकारून चालणार नाही. दार उघडे ठेवले की भामटे, भ्रमिष्ट आणि कुतूहलापोटी येणारे सगळेच आत शिरतात आणि प्रत्येकाला तपासण्याचा भार घरच्यांवर पडतो. हा भार तेव्हा पूर्णपणे एका बापावर होता, कारण तो उचलणारी संस्था अस्तित्वात नव्हती.

विसाव्या शतकाच्या सत्तरीतही परिस्थिती फारशी पुढे सरकलेली नव्हती, ही गोष्ट अनेकांना खरी वाटत नाही. एफबीआयचे राष्ट्रीय गुन्हे माहिती केंद्र १९६७ पासून संगणकावर चालत होते. चोरीची मोटार किंवा बंदूक त्यात सहज नोंदली जाई. हरवलेल्या मुलाची नोंद मात्र स्थानिक पोलिसांच्या मर्जीवर होती, आणि ती मर्जी बहुतेक ठिकाणी नव्हती. मूल रुसून गेले असेल, येईल परत, दोन-तीन दिवस वाट पाहा, असेच उत्तर मिळे. २५ मे १९७९ रोजी न्यूयॉर्कच्या सोहो भागात सहा वर्षांचा ईटन पॅट्झ पहिल्यांदाच एकटा शाळेच्या बसथांब्याकडे निघाला आणि पोहोचला नाही. वडील स्टॅन्ली व्यवसायाने छायाचित्रकार होते; त्यांनी काढलेले मुलाचे जिवंत, हसरे फोटो शहरभर आणि मग देशभर गेले. २७ जुलै १९८१ रोजी फ्लोरिडातल्या हॉलिवुड गावी एका दुकानातून सहा वर्षांचा ॲडम वॉल्श नाहीसा झाला. दोन आठवड्यांत त्याची हत्या झाल्याचे कळले. त्याचे आईवडील रेव्हे आणि जॉन वॉल्श पुत्रशोकातच संसदेच्या समित्यांसमोर जाऊन उभे राहिले. आयोवात जॉनीची आई नोरीन गॉश हिने पोलिसांच्या दिरंगाईवर गावोगाव भाषणे केली. मूल गमावलेल्या या माणसांनी आपले दुःख लोकांपुढे मांडताना त्याला एका प्रशासकीय प्रश्नाचे रूप दिले. मोटारीची नोंद होते, मग मुलाची का नाही, या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नव्हते.

परिणाम तारखांवरून मोजता येतो. ऑक्टोबर १९८२ मध्ये हरवलेल्या मुलांबाबतचा संघीय कायदा झाला आणि एफबीआयच्या संगणकात मुलाची नोंद झाली आहे की नाही हे विचारण्याचा हक्क पालकांना मिळाला. १९८३ मध्ये ईटनच्या बेपत्ता होण्याचा दिवस, २५ मे, राष्ट्रीय दिवस म्हणून जाहीर झाला. त्याच वर्षी ॲडमवरचा दूरचित्रपट प्रसारित झाला आणि शेवटी इतर हरवलेल्या मुलांचे फोटो दाखवले गेले. १९८४ मध्ये आयोवाने जॉनीच्या नावाने ओळखला जाणारा कायदा करून पोलिसांना ताबडतोब शोध घेणे बंधनकारक केले, आणि त्याच वर्षी हरवलेल्या व शोषित मुलांसाठीचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. १९९० च्या संघीय कायद्याने वाट पाहायला लावण्याची पद्धतच मोडीत काढली: तक्रार येताच नोंद, आणि नोंद राष्ट्रीय संगणकावर. खोके या साखळीतला एक दुवा होते. त्यांच्यामुळे सापडलेली मुले थोडी. एका सात वर्षांच्या मुलीने दुकानात खोक्यावर आपलाच फोटो पाहिला, अशी उदाहरणे आहेत, पण ती हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी. मात्र ज्या आमदाराच्या घरी सकाळी तो खोका उघडला जात होता, त्याला दुपारी सभागृहात मतदान करायचे होते. त्याचा हिशेब सापडलेल्या मुलांच्या संख्येत कुठेच येत नाही.

या मांडणीवर जे आक्षेप घेतले जातात त्यांतला सर्वांत वजनदार आक्षेप आकड्यांचा आहे, आणि तो खरा आहे. चळवळीच्या ऐन भरात वर्षाला १५ लाख मुले हरवतात, त्यांतली ५० हजार अनोळखी माणसे पळवतात, असे आकडे सर्रास सांगितले गेले. ‘डेन्व्हर पोस्ट’ने १९८५ मध्ये ते तपासले. बहुतेक मुले घर सोडून पळालेली किंवा घटस्फोटाच्या भांडणात आई वा बापानेच नेलेली निघाली. त्या लेखमालेला १९८६ चे लोकसेवेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. पुढे १९८८ सालच्या सरकारी अभ्यासाने अनोळखी माणसाने दूर नेणे, डांबणे, खंडणी मागणे वा मारणे अशा प्रकारच्या अपहरणांचा अंदाज वर्षाला २०० ते ३०० इतका दिला. १९९९ साठी तो ११५ होता. डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्यासारख्या बालतज्ज्ञांनी तक्रार केली की रोज सकाळी अशा चित्रांनी मुले विनाकारण घाबरतात. हे सगळे मान्य करूनही माझा मुद्दा ढळत नाही. खोटे आकडे ही चूकच होती, आणि तिचे परिणाम झाले: मुलांचे रस्त्यावर खेळणे कमी झाले, धोका घराबाहेरच असतो असा समज पसरला, आणि घरातल्याच माणसांकडून होणारे अपहरण दुय्यम ठरले. पण खरा आकडा शोधण्याची गरज कुणामुळे निर्माण झाली? तो सरकारी अभ्यास १९८४ च्याच कायद्याने सक्तीचा केला होता. त्याआधी देशात हरवलेली मुले किती, हे सांगू शकेल अशी विश्वासार्ह मोजणी कुणी केलेलीच नव्हती. अतिशयोक्ती खोडून काढणारा पुरावासुद्धा त्या कुटुंबांच्या हट्टातूनच आला.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. फोटो कुणाचे छापले गेले? १९७९ च्या ज्या उन्हाळ्यात सगळा देश ईटनचा चेहरा पाहत होता, त्याच उन्हाळ्यात अटलांटामध्ये कृष्णवर्णीय मुलांचे मृतदेह सापडू लागले. दोन वर्षांत सुमारे ३० मुले आणि तरुण नाहीसे झाले आणि मारले गेले. जवळपास सगळे गरीब वस्त्यांतले. प्रकरणे एकमेकांशी जोडलेली असू शकतात, हे पोलीस मानायला तयार नव्हते. बळी पडलेल्या नऊ वर्षांच्या युसुफची आई कॅमिल बेल आणि इतर आया यांनी १९८० मध्ये समिती काढली, पत्रकार परिषदा घेतल्या, महापौरांना जाब विचारला. त्या रेट्यानंतर विशेष तपासपथक नेमले गेले. पुढे वेन विल्यम्सला दोन प्रौढांच्या खुनांबद्दल १९८२ मध्ये शिक्षा झाली आणि मुलांची बहुतेक प्रकरणे त्याच्याच नावावर घालून बंद करण्यात आली. अनेक आयांना ते कधी पटले नाही. २०१९ मध्ये अटलांटाच्या महापौर केशा लान्स बॉटम्स यांनी जुना पुरावा पुन्हा तपासायला लावला. म्हणजे ४० वर्षे त्या आयांनी प्रश्न विचारणे थांबवले नाही म्हणून कपाटातली खोकी पुन्हा खाली आली. गोऱ्या, गोंडस मुलाचा फोटो वर्तमानपत्र पहिल्या पानावर घेते आणि काळ्या मुलाचा आतल्या पानावर, हा अन्याय खराच. पण त्यातून जाहीर शोध निरुपयोगी आहे असे सिद्ध होत नाही. ज्यांना जागा मिळाली नाही त्यांचे किती नुकसान झाले, एवढेच त्यातून कळते. अमेरिकेतील आदिवासी स्त्रियांच्या कुटुंबांनी अनेक वर्षे लाल पोशाख टांगून आणि मोर्चे काढून जी मागणी केली तीही नोंदीचीच होती. २०२० मध्ये झालेल्या सव्हाना कायद्याने अशा प्रकरणांची माहिती आणि कार्यपद्धती सुधारण्याचे बंधन घातले.

दीर्घकाळ बेपत्ता असलेल्यांबाबत तिसरा प्रश्न उरतो: पाच, दहा, वीस वर्षांनी ओरडत राहण्यात काय अर्थ? मिनेसोटातल्या सेंट जोसेफ गावाने त्याचे उत्तर दिले आहे. २२ ऑक्टोबर १९८९ च्या रात्री सायकलवरून घरी येणाऱ्या तीन मुलांना बुरखाधारी माणसाने अडवले आणि ११ वर्षांच्या जेकब वेटरलिंगला नेले. आई पॅटी आणि वडील जेरी यांनी प्रतिष्ठान उभारले, १९९४ मध्ये जेकबच्या नावाने संघीय कायदा झाला, आणि दर वर्षी ऑक्टोबरात त्याचे नाव पुन्हा छापून येत राहिले. जेकबला नेले त्याच वर्षी, १९८९ च्या जानेवारीत, जवळच्या कोल्ड स्प्रिंगमध्ये एका मुलाला पळवून त्याच्यावर अत्याचार करून सोडून दिले होते. तो मुलगा मोठा झाल्यावर स्वतःहून पुढे आला. पेन्सव्हिल गावात १९८६-८७ च्या सुमारास अनेक मुलांवर असेच हल्ले झाल्याची जुनी हकीकतही नव्याने उजेडात आली. कोल्ड स्प्रिंगच्या त्या मुलाच्या जपून ठेवलेल्या कपड्यांवरचा डीएनए २०१५ मध्ये डॅनी हाइनरिक याच्याशी जुळला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये त्याने जेकबला जिथे पुरले ती जागा दाखवली. हा माणूस सुरुवातीलाच पोलिसांच्या नजरेखाली येऊन गेला होता. २०१८ मध्ये तिथल्या शेरीफने कागदपत्रे खुली करून तपासातल्या चुका जाहीरपणे सांगितल्या. २७ वर्षे ते नाव कानावर पडत राहिले नसते, तर तीन गावांतल्या तीन वेगळ्या फायली एका टेबलावर आल्या असत्या असे मला वाटत नाही. पॅटी वेटरलिंग यांचे आणखी एक मोठेपण इथेच नोंदवावे: आपल्या मुलाच्या नावाच्या कायद्यातून वाढलेली गुन्हेगारांची नोंदणी किशोरवयीन मुलांनाही गुंतवू लागली, तेव्हा ती फार पुढे गेली असे त्या उघडपणे म्हणाल्या. लोकभावना किती बेभान होऊ शकते हे ज्यांनी सर्वांत जवळून पाहिले, त्यांनीच तिला आवर घातला.

भारतात हीच वाट जास्त उशिरा आणि जास्त रक्तबंबाळ होऊन चालली गेली. मुंबई दूरदर्शनवरचा ‘आपण यांना पाहिलंत का?’ हा कार्यक्रम महाराष्ट्रातल्या एका पिढीला आठवत असेल. चेहरा, वय, उंची, अंगावरचे कपडे, आणि मग पुढचा चेहरा. तिथवर पोहोचायलाही आधी पोलीस ठाण्यात नोंद व्हावी लागे. नोएडातल्या निठारीत डिसेंबर २००६ मध्ये मुलांचे अवशेष सापडले, तेव्हा कळले की तिथले मजूर आईबाप दीर्घकाळ ठाण्याच्या पायऱ्या झिजवत होते आणि मुले पळून गेली असतील असे सांगून त्यांना परत पाठवले जात होते. १९७० च्या दशकातल्या अमेरिकेत आणि २००६ च्या नोएडात एकच वाक्य ऐकू येते. ‘बचपन बचाओ आंदोलन’ने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये आदेश दिला की मूल हरवल्याच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा दाखल झालाच पाहिजे आणि सुरुवातीला अपहरण किंवा मानवी तस्करी झाली असेच धरून चालले पाहिजे. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत अंधेरीतून सात वर्षांची एक मुलगी शाळेला जाताना नाहीशी झाली होती. डी. एन. नगर पोलीस ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांनी २००८ ते २०१५ या काळात हरवलेल्या १६६ मुलींपैकी १६५ शोधल्या. उरलेली ती एक. निवृत्तीनंतरही तिचा फोटो ते खिशात बाळगत आणि तिच्या घरी जात राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये ती सापडली, घरापासून हाकेच्या अंतरावर. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईने तिचे नाव इंटरनेटवर शोधले, तेव्हा नऊ वर्षांपूर्वीचे पत्रक वर आले. त्यावरचे बहुतेक फोन क्रमांक बंद पडले होते. एक चालू होता, शेजाऱ्याचा.

एवढ्या एका क्रमांकावर ती मुलगी घरी आली, यात जितका आनंद आहे तितकीच भीतीही वाटते. ईटन पॅट्झच्या आईवडिलांनी तेच घर आणि तोच टेलिफोन क्रमांक कित्येक दशके सोडला नाही, कारण मुलगा कधी फोन करेल तर तो लागला पाहिजे. न्यूयॉर्कमधल्या स्वतःच्या घरात राहणाऱ्या छायाचित्रकाराला ते जमले. झोपडपट्टीतल्या, दर दोन वर्षांनी सिम बदलणाऱ्या, वस्ती हलली की हलणाऱ्या कुटुंबाकडून ती अपेक्षा कशी करायची? पत्रकावरचा क्रमांक कायम चालू ठेवण्याची, दर काही वर्षांनी वाढत्या वयाप्रमाणे चेहऱ्याचे नवे चित्र तयार करून घेण्याची आणि आलेली प्रत्येक खबर तपासण्याची जबाबदारी पोलीस खात्याचीच असली पाहिजे. शिवाय २०१३ चा आदेश मुलांपुरता आहे. पंचविशीतला तरुण कामावरून परतला नाही किंवा सत्तरीतली विसराळू आजी देवदर्शनाला गेली ती आलीच नाही, तर ठाण्यात ‘मिसिंग’ची नोंद होते आणि पुढे काय होईल ते त्या ठाण्यातल्या माणसावर अवलंबून राहते. सात वर्षे खबर नसलेल्या माणसाला मृत मानता येईल अशी सोय आपल्या कायद्यात आहे. त्या सात वर्षांत दर वर्षी तपासात काय केले, हे कुटुंबाला लेखी कळवण्याची सक्ती त्याच कायद्याशेजारी असायला हवी, आणि ती मागायला आता त्या घरांनी एकटे जाऊ नये.